रात्री दोनचा भात

पहिली गेली ती कवडी.
खुराड्याची कडी होती तशीच,
आत सातांतल्या सहाच.
रक्त नाही, एक पीस नाही.
मी आधी स्वतःवरच संशय घेतला,
काल मोजल्या होत्यास का गं?

दुसरी सापडली फणसाखाली.
अंग जागच्या जागी, फक्त मुंडकं नाही.
तेव्हा मी निंगव्वाच्या टिप्याचं नाव घेतलं.
गडग्यावर उभी राहून घेतलं,
जांबोटीच्या बसमधली माणसं खिडकीतून बघेपर्यंत.
"माझं कुत्रं शेण खाईल," ती म्हणाली,
"तुझी कोंबडी खाणार नाही."
निंगव्वा कानडीत भांडते तेव्हा काळजी नसते.
मराठीत बोलली म्हणजे समजायचं,
लागलंय तिला.

धाकू गवळी म्हशी घेऊन चालला होता.
थांबला, काठीनं कोंबडी उलटी केली.
"कुत्रं असं खात न्हाई, बाई. कुत्रं खेळतंय.
चार मारतंय, अंगणभर पिसं करतंय, नि जाऊन झोपतंय.
मुंगूस असतं तर दिवसा आलं असतं,
अंड्याची टरफलं टाकून गेलं असतं.
धामण तर अंडं अख्खं गिळती,
कोंबडी तेवढी दोन दिवस गप बसती.
मुंडक्याचं गिऱ्हाईक वेगळं."
"कोण मग?"
"राख टाकून सोड रात्री.
तेच लिहून जाईल."

चुलीतली राख चाळून घेतली.
रांगोळीलासुद्धा कधी एवढा हात सांभाळला नव्हता.
खुराड्याभोवती वीतभर पट्टा ओढला
आणि खिडकीशी पडून राहिले.

दोनच्या सुमाराला वास आला.
शिजत्या बासमतीचा,
झाकण उचलल्याबरोबर येतो तसा.
या वेळेला निंगव्वा भात का टाकते?
हुबळीहून पोरगा आला असेल.
की झोप नसेल तिला,
माझ्या बोलण्यानं?
वासाकडं तोंड करून मी
शरमत राहिले,
आणि शरमता शरमता डोळा लागला.

सकाळी राखी नव्हती. राख होती,
तिच्यावर पावलं.
मांजराची म्हणावीत तर एक बोट जास्त.
भिंतीपाशी संपलेली,
आणि वर, कौलांखाली, फट.
मी हात घालून पाहिला,
मनगटापर्यंत सहज गेला.
दोन वर्षं मी खालच्या दाराला कुलूप लावत होते.

गडग्यावर गेले, यावेळी हळू आवाजात.
"काल रात्री भात केलतीस?"
"मी? मला वाटलं तू करूलैस."
मग तीच कपाळावर हात मारून हसली.
"पुनुगु बेक्कु!"
काळमांजर. त्याच्या अंगालाच भाताचा वास,
तिचा आजा सांगायचा,
आणि ती विसरली होती.

दुपारी ती जाळी घेऊन आली, बारीक घराची,
बोटसुद्धा जाणार नाही अशी,
आणि बंद पडलेल्या टेलरच्या दुकानाचा पत्रा.
पत्र्यावर दोन ओळी, दोन लिप्यांत,
त्यातल्या एकीला कुणीतरी डांबर फासलेलं.
कुठल्या, ते सांगत नाही.
फट दोन्ही ओळींनी बुजली.
फणसाची कौलांवर टेकलेली फांदी
तिनंच कोयत्यानं उतरवली,
आणि तळाशी चिरे बसवताना
माझ्या अंगठ्याचं नख गेलं.

आता दिवेलागणीला मोजते, मोठ्यानं.
ओंदू, एरडू, मूरू, नाकू.
कानडीत मोजलं तर पलीकडूनही ऐकू जातं.

परवा रात्री पुन्हा वास आला.
बॅटरी घेऊन धावले.
फणसावर काही नाही, कौलांवर काही नाही.
निंगव्वाच्या चुलीत मात्र जाळ,
दारात पोराच्या चपला.
चौघी आत, एकमेकींत मान खुपसून.
आणि टिप्या माझ्या पायरीवर झोपलेला,
उजेड पडल्यावर एक डोळा उघडून
माझ्याकडं बघत.
त्याला मी अजून काहीच बोललेले नाही.