फॉर्म नंबर सव्वीस

संकेश्वरच्या बाजारात, बैलांच्या रांगेपलीकडं,
साडेअकरा हजाराला घेतली बॉक्सर.
विकणाऱ्यानं चावी दिली, टाकी हलवून ऐकवली:
अर्धा लिटर हाय, घरापर्यंत जाईल.
कागद? मी म्हटलं.
कागदावर कोण बसतंय, म्हणाला,
आणि थुंकी लावून नोटा मोजल्या.

सात महिने कोगनोळीचा नाका चुकवला.
मिक्सरची पाती, कुकरच्या रिंगा, शिट्ट्या,
सगळं दुकान मागच्या कॅरिअरवर,
आणि कागलला जायचं तर पाणंदीनं,
उसाची पाती कानाला घासत.

शेवटी चिक्कोडी.
आरटीओसमोरच्या टपरीत एजंट मकानदारानं
चासीवर कागद धरला, वरून पेन्सिल आडवी फिरवली.
आकडे एकेक वर आले,
शाळेत वहीवर नाणं उमटवायचो तसे.
मग कन्नडमध्ये लांबलचक फोन.
मला त्यातलं एक नाव तेवढं कळलं:
आक्काताई सिदगोंडा खोत, गळतगा.
बाईची गाडी?
बाईचीच. आधी डुप्लिकेट तिच्या नावावर, मग तुझ्या.
जा, सही आण.

गळतग्यात ती पिठाच्या गिरणीत, भुवयांवर ज्वारी.
गिरणी बंद केली नाही. ओरडूनच बोललो दोघं.
तुमची गाडी!
कसली गाडी?
बॉक्सर! तुमच्या नावावर!
तिनं बटण दाबलं.
पट्टा फिरत फिरत थांबला, तोवर कुणीच बोललं नाही.

सतरा वर्षांमागं नवऱ्यानं
बचत गटाच्या कर्जाला म्हणून चार सह्या नेलेल्या.
छत्तीस हप्ते तिनं फेडले.
गाडी गेली इचलकरंजीला, त्याच्यासकट, दुसऱ्या घरी.
ती कधी मागच्या सीटवरसुद्धा बसली नव्हती.

मग मी विकली कधी? तिनं विचारलं.
मी हेल्मेटचा पट्टा उघडला, लावला, उघडला.

ठाण्यात हवालदार म्हणाला, लिवा, आरसी हरवली.
ती म्हणाली, हातात आलंच न्हाई
ते हरवलं कसं म्हणू?
त्यानं कन्नडमध्ये समजावलं, मग मराठीत,
मग चहा मागवला.
हरवल्याचं ठिकाण, असा एक रकाना होता.
बराच वेळ पेन धरून बसली.
मग सांगितलं, राहतं घर.

फॉर्म नंबर सव्वीस, सगळा कन्नड.
कारकुनानं बोट ठेवलं तिथं, म्हणाला, सही.
हा शब्द तरी दोन्हीकडं एकच.
नाळी बर्री, म्हणाला. उद्या या.
अशा नाळ्या सहा झाल्या.

कार्ड टपालानं तिच्या पत्त्यावर आलं.
मी ट्रान्सफरचे फॉर्म घेऊन पोचलो
तर तराजूमागं, लाईट बिलाच्या शेजारी,
खिळ्याला टेकवून उभं केलेलं.
हे किती दिवस माझं?
तुम्ही सही करेपर्यंत.
बरं.
ती बाहेर आली. सीटवर हात ठेवला, पीठ उमटलं.
स्टँडवरच बसली, दोन्हीकडं पाय टाकून, पदर खोचून.
ब्रेक कुठला?
उजव्या पायाला.
आणि गिअर?
कोरे फॉर्म काखेत धरून मी सांगू लागलो,
दळण घेऊन आलेल्या दोन पोरी बघत राहिल्या.
गाडी ठेवून जा, ती म्हणाली. गुरुवारी ये.

तीन दिवस बसनं फिरलो, रिंगांची पिशवी मांडीवर.
नाक्यावरच्या पोलिसानं बसकडं बघितलंही नाही.

गुरुवारी गेलो तर
डाव्या इंडिकेटरची काच फुटलेली,
तिच्या कोपराला हळद.
तिनं तिन्ही ठिकाणी सह्या केल्या,
मग गल्ला उघडून
काचेचे साठ रुपये मोजून दिले.