पाठमोरी

रांग भवानी मंडपाच्या बाहेर गेलेली,
वर्षातला धंद्याचा दिवस,
तरी ललिता पंचमीला मी ओटीच्या पाट्या पोराच्या हवाली करते
आणि पालखीमागं चालायला लागते.
अनवाणी. नवस नाही काही.
चपला घालायचं सुचत नाही, इतकंच.

गोष्ट आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक आहे:
कोल्हासुराच्या पोरानं, कामाक्षानं, योगदंड फिरवला
आणि झाडून सगळ्या देवांच्या शेळ्यामेंढ्या झाल्या.
अंबाबाईसुद्धा त्या कळपात.
त्र्यंबोलीनं दंड हिसकावला, त्याला मारलं,
ज्याचं त्याला रूप परत दिलं.
मग विजयाची पंगत बसली
आणि जिच्यामुळं तोंडात घास जात होता
तिलाच आवतण द्यायचं राहिलं.
ती उठून टेकडीवर गेली,
कोल्हापूरकडं पाठ करून बसली.
टेंबलाई म्हणतो आम्ही तिला.

लहानपणी मला एवढंच पटायचं नाही:
इतकी मोठी देवी, विसरेल कशी?

आता पटतं.
मालक सीपीआरमध्ये अकरा दिवस पडून होते
तेव्हा शालन रोज रात्री वॉर्डाबाहेर चटई टाकायची.
तू घरला जा म्हणायची, तुझी पोरं ल्हान हाईत.
मी तर शेळीच झाले होते त्या दिवसांत,
कुणी कागद पुढं केला की अंगठ्यासारखी सही,
कुणी काही विचारलं की नुसती मान.
तिनं गुजरीत पाटल्या मोडल्या. मला नंतर कळलं.
आणि दोन वर्षांनी वास्तुशांतीला
तीनशे पत्रिका वाटल्या आम्ही,
सेंट्रिंगवाल्याला, दूधवाल्याला, नगरसेवकाला.
शालनला नाही.
राग नव्हता. घरच्या माणसाला कुणी पत्रिका देतं का,
असं मी म्हणाले, हेही म्हणाले,
आणि तोंडानं सांगायचं
दोघांनी एकमेकांवर सोडलं.

नऊ वर्षं झाली.

पालखी शाहू मिलपाशी थांबते, टाकाळ्याला थांबते.
लोक रांगोळ्या घालून उभे असतात.
मला वाटतं, थांबत थांबत जाते ती
काय बोलायचं ते मनात जुळवत.
छत्र आहे, चवऱ्या आहेत, चोपदार आहेत,
पण चूक कबूल करायला निघालेल्या बाईची चाल
कुठल्याच लवाजम्यात झाकत नाही.

टेकडीवर गुरवाची पोर,
दोन वेण्या, पुढचा दात पडलेला,
कोहळ्यात त्रिशूळ मारते
आणि मग जी झुंबड उडते!
फोड घरात ठेवली की बरकत येते म्हणून
शहाणीसुरती माणसं एकमेकांच्या अंगावर.
पोलिसाची टोपीसुद्धा पायदळी.
यंदा एक फाक माझ्या पायाशीच येऊन पडली,
पांढरी, बियांसकट,
कुणाची तरी टाच उमटलेली.
पदरात घेतली.

पालख्या समोरासमोर आल्या, आरती झाली,
भेट झाली म्हणतात.
नंतर मी देवळाला वळसा घालून बघितलं:
तोंड अजून पलीकडंच,
पाठ अजून शहराकडं.
म्हणजे नाहीच वळली.
आणि ही पुढच्या पंचमीला पुन्हा येणार.
समजूत एकदाच काढायची असते
असं मला कुणी सांगितलं होतं?

पालखी परतीला लागली.
मी दुसऱ्या अंगानं उतरले, टेंबलाईवाडीत.
तिसरी गल्ली, पिठाची गिरणी, निळं दार.
दार उघडंच होतं.

शालननं मला बघितलं,
पदरातून ठिबकणारं पाणी बघितलं
आणि आत जाऊन ओट्याकडं तोंड करून उभी राहिली.
मागनं केस पार पांढरे झालेत.
मी फाक उंबऱ्यावर ठेवली.
बसले नाही. निघालेही नाही.
स्टोव्हला पिन मारल्याचा आवाज आला, दोनदा.

पाठमोरीच म्हणाली,
"साखर खातीस अजून, का सोडलीयास?"