तीन नंबर

सेलूत शिरताना, रेल्वे फाटकाच्या अलीकडं,
गाडीनं पहिल्यांदा ठेच खाल्ली.
शहाऐंशीची पद्मिनी, मोतिया रंग,
उजव्या दारावर कापसाच्या ट्रॉलीनं ओढलेला ओरखडा.
ही म्हणाली, पेट्रोल संपलं असंल.
पेट्रोल होतं.
आवाजातच काहीतरी कमी होतं,
चार माणसं जिना उतरतायत
आणि त्यातला एक लंगडतोय, असं.

पाथरी रोडला इनायत मिस्त्रीचं पत्र्याचं शेड.
त्यानं लगेच बॉनेट उघडलं नाही.
सायलेन्सरपाशी उकिडवा बसला,
माझ्याकडून दहाची नोट मागून घेतली
आणि नळीच्या तोंडासमोर धरली.
नोट फडफडली, फडफडली,
आणि मधेच आत ओढली गेली.
"मिस मारायली," तो म्हणाला. "कामून ते बगू."
नोट परत दिली. काळी झाली होती.

इंजन चालूच ठेवून
पकडीनं एकेक वायर उपटायला लागला.
एक नंबर काढला. गाडी शहारली, बंद पडता पडता राहिली.
"ह्यो कामाचा."
दोन काढला. अख्खं धूड गदगदलं.
"ह्योबी."
चार काढला, तेच.
तीन काढला
आणि काहीच झालं नाही.
तीच लंगडी चाल, तोच सूर.
"ह्यो बगा तुमचा माणूस.
असला काय, नसला काय."

मी उगाच चष्मा पुसला.
चौतीस वर्षं पतसंस्थेत, मुदत ठेवींच्या टेबलावर.
निवृत्तीनंतरच्या सोमवारी पासबुक भरायला गेलो
तर रांग होती तेवढीच होती,
माझ्या खुर्चीवर कुणाचंतरी हेल्मेट.

तीनचा प्लग ओला निघाला, काळा, पेट्रोलचा वास.
"न्हाऊन बसलाय. पेटलाच नाई."
पुसला, आणि एकचा तीनला घातला, तीनचा एकला.
तीनचा प्लग एकच्या घरात मजेत चालला.
एकचा, धडधाकट, तीनच्या घरात जाऊन गप्प.
मग त्यानं भोकावर अंगठा दाबला,
पोऱ्यानं सेल्फ मारला,
अंगठा फट्‌दिशी उडाला.
"दम हाय. लई दम हाय."
आणि स्टूल ओढून बसला.
"आता थांबा. उजेडात दिसायचं नाई.
सव्वासातला लाईट जाती."

सव्वासात झाले. लाईट गेली नाही.
हिनं समोरून भजी आणली, पोऱ्यानं निम्मी खाल्ली.
साडेसात.
मिस्त्रीनं लाईटवाल्यांना शिवी हासडली,
गेली नाही म्हणून.
अशी शिवी त्या रोडवर
कुणी कधी ऐकली नसेल.

सात चाळीसला सगळं सेलू विझलं.
गाडी चालू. मिस्त्रीनं ओल्या बोटांनी
वायरींवर पाणी शिंपडलं, इस्त्रीआधी शिंपडतात तसं,
आणि आम्ही चौघं वाकून बघत राहिलो.

तीनच्या वायरीच्या बगलेतून
केसाएवढी निळी ठिणगी
इंजनाच्या अंगावर उडत होती.
चट्. चट्. चट्.
अगदी वेळेवर, एकही खेप न चुकवता,
भलत्याच ठिकाणी.

"मग त्याचा काय दोष,"
ही अंधारात म्हणाली,
"त्याच्यापर्यंत पोचलंच नाही काही."
कुणी काही बोललं नाही.
पोऱ्या म्हणाला, अजून एकदा दाखवा की.

नवी वायर परभणीहून यायची, मंगळवारी.
तोवर काळी टेप, तीन वेढे.
"हिची पाळी एक-तीन-चार-दोन असती," मिस्त्री म्हणाला,
"ऐकत ऐकत जा. चुकली तर कळंल."
शंभर रुपये घेतले, त्यातली काळी दहाची
निरखून बघून मलाच परत केली.

दारात पोचलो तरी मी चावी फिरवली नाही.
हिनं फाटक उघडलं, आत जाऊन कंदील लावला,
पुन्हा बाहेर येऊन पायरीवर उभी राहिली.
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन,