सोळा खुणा

तळघरात बाबांचं काम एवढंच होतं:
पाऱ्यावर तरंगणारा तो दगड
एका बोटाने ढकलायचा
आणि मग त्याला हातही लावायचा नाही.

दगड फिरायचा, सहा मिनिटांत एक फेरी.
प्राध्यापक थ्रॉप दुर्बिणीला डोळा लावून
त्याच्याबरोबर चालायचे, वाकून,
हट्टी घोड्याला पाण्यावर नेल्यासारखे.
सोळा खुणा. दर खुणेपाशी एक आकडा.
सांगायचे ते, लिहायची मी.
मी अकरा वर्षांची होते, अक्षर चांगलं होतं,
आणि मला मजुरी द्यावी लागत नसे.

"पृथ्वी धावते," ते म्हणाले, "सेकंदाला अठरा मैल.
म्हणजे समोरून ईथरचा वारा यायलाच हवा,
घोड्यावर बसलं की तोंडाला लागतो ना, तसा.
त्याच्या तोंडावर गेलेला किरण उशिरा परतेल,
आडवा गेलेला थोडा आधी.
दोघे भेटतील तेव्हा या काळ्या रेघा सरकतील. एवढ्याशा."
त्यांनी नख दाखवलं. मग नखाची फक्त कड.

रेघा सरकल्या नाहीत.
रस्त्यावरून दूधवाल्याची गाडी गेली तेव्हा थरथरल्या.
बाबा शिंकले तेव्हा विस्कटल्या.
पृथ्वी एवढी सूर्याभोवती धावत होती,
तिचं मात्र त्यांना काही नव्हतं.

हिवाळ्यात म्हणाले, उन्हाळ्यात बघू.
उन्हाळ्यात म्हणाले, तळघरात वारा अडतो.
मग दगड टेकडीवर नेला, काचेच्या खोलीत,
सरोवराकडून येणारा खराखुरा वारा
रात्रभर तावदानं वाजवत राहिला.
दगड काळा नव्हता, पिवळट वाळूचा होता,
पण रेघ निघाली काळ्या दगडावरचीच.

त्या वर्षी हॉलंडहून एक लेख आला:
धावताना दगडच आखडतो, धावण्याच्या दिशेने,
नेमका तेवढाच, जेवढ्याने चूक झाकली जाते.
बाबा मूळचे सुतार, आखडणं त्यांना नवं नव्हतं.
ते पट्टी घेऊन आले.
"पट्टीही आखडते, वोयतेख," प्राध्यापक म्हणाले.
बाबांनी पट्टी खाली ठेवली.
"मग चोर आणि साक्षीदार एकच झाले की."

आणखी काही वर्षांनी कुणीतरी लिहिलं,
वारा नाहीच. प्रकाश सगळ्यांना एकाच वेगाने भेटतो,
त्याच्याकडे धावणाऱ्याला, त्याच्यापासून पळणाऱ्याला,
जिन्यावर बसून बूट काढणाऱ्यालाही.
जुळवून घ्यायचं ते घड्याळांनी.
आमच्या कॉलेजात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
कुणी भांडलंही नाही. दुपारच्या जेवणात मटण होतं.

तोवर मी विस्कॉन्सिनच्या एका वेधशाळेत
तासावर आकडेमोड करत होते, जोडताऱ्यांची.
एक आपल्याकडे येतो, दुसरा दूर जातो,
मग उलट, फुगडी घातल्यासारखं.
येणाऱ्याचा प्रकाश त्याच्या धावण्याने घाईत असता
तर वाटेतच मागच्या प्रकाशाला गाठून पुढे गेला असता,
आणि एकच तारा एका रात्री
दोन ठिकाणी हजर दिसला असता.
मी काचेच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा तपासल्या.
तारे आपापल्या जागी होते. वेळेवर.

थ्रॉप यांना कळवलं. उत्तर आलं, तीन ओळींचं:
अक्षर अजून चांगलं आहे तुझं.
काचेच्या खोलीचं तापमान तेव्हा नीट पाहिलं नव्हतं.
दगड एकदा फिरवायला हवा.

मान्य झालं म्हणजे नेमकं कधी झालं, मला सांगता येणार नाही.
पुस्तकाच्या एका आवृत्तीत ईथरवर अख्खा धडा होता,
पुढच्या आवृत्तीत तळटीप,
मग दुधाचा दात पडावा तसा तो शब्द पडला,
आणि मुलांना तिथे जीभ लावूनही पाहावंसं वाटलं नाही.

बाबांचे हात म्हातारपणी फार कापायचे.
विजारीच्या दुमडीत कधीकाळी पाऱ्याचे मणी सापडत,
आई ते झाडूने गोळा करायची.
एका संध्याकाळी ओसरीत, झुलत्या खुर्चीत, त्यांनी विचारलं,
"मग मी इतकी वर्षं काय ढकलत होतो?"

मी वही शोधायला उठले. उठून तशीच थांबले.
खुर्चीला एका बोटाने हलका धक्का दिला
आणि मग हातही लावला नाही.