मानमोडी

रजिस्टरला सात रकाने.
मीच आखले, फूटपट्टीनं, लाल शाईनं:
नाव, पाडा, तलंगा किती दिल्या,
किती जगल्या, किती मेल्या, कशानं,
आणि शेवटचा परतफेडीचा.

परतफेड चर्चला नको होती.
दहा घेतल्यास तर वर्षानं दहा
शेजारणीच्या खुराड्यात सोड, एवढंच.
फादर ज्योव्हिन म्हणाले, पैसा वरून खाली येतो,
कोंबडी आडवी चालते.
सगळे हसले. मी ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

उपवनच्या तळ्यापासून चढणारा रस्ता,
बंगल्यांची फाटकं, लग्नाची लॉनं,
वनखात्याचा नाका,
मग येऊरचा एकदम काळोख.
सोळा घरं, एकशे साठ तलंगा.
बिबट्या खाईल, मुंगूस खाईल, असं सगळे म्हणाले.
त्यांनी सात खाल्ल्या. त्यांचा हिशेब लागतो.

लशीचा निळा डबा शनिवारी माझ्याकडे आला.
रविवारी आमचं फेस्त.
फ्रिजमध्ये इंदियालचं मोठं पातेलं,
नवऱ्याच्या बहिणी येणार, फुग्यांचं पीठ फसफसून वर आलेलं.
डबा ओट्याखाली सरकवला. एक रात्र,
म्हटलं, बर्फ आहे की.
दोन रात्री झाल्या.
सोमवारी उचलला तर आत पाणी वाजलं.

तरी गेले.
एकेक पिल्लू मुठीत, डोळ्यात एकेक थेंब.
थेंब खरा असल्यासारखं
प्रत्येकानं डोळा मिटून घेतला.

एकोणिसाव्या दिवशी माना वळल्या.
स्वतःभोवतीच गोल फिरत राहिल्या,
चोच पाठीकडे, नजर आभाळात,
दाण्यावर नेम धरून शेजारची माती टोचत.
मी बघत होते. हातात पेन होतं.

हॉलमध्ये बैठक.
पशुवैद्य म्हणाले, डबा थंड होता?
हो.
फादर म्हणाले, हिल्डा, थंड होता ना?
हो, फादर.
बाश्त्यांव, जो कधी बोलत नाही, खुर्च्या मांडता मांडता:
नक्की ना, बाई?
किती वेळा सांगू, म्हटलं.
आणि मागच्या चाळीच्या गच्चीवर
दुपारी अडीचला, भर ठाण्यात, कोंबडा आरवला.
त्या कोंबड्याची गोष्ट मी रविवारच्या वर्गात
अकरा वर्षं सांगतेय.
पेत्र बाहेर जाऊन रडला, इथे माझा आवाज छान लागतो.
मी उठून पंखा वाढवला.

जुलैत सुकरी भोये दारात आली,
डोक्यावर डालगं, त्यात दहा पिल्लं,
काळी, करडी, एक पांढऱ्या पायांचं.
दहा लिही, म्हणाली. वनशीच्या नावावर दे.
तुझ्या तर सगळ्या गेल्या, सुकरी.
गेल्या. ही माझ्या गावरान खुडकीची.
बांबूच्या बेटात लपून बसली होती अंड्यांवर.
पण तुझं देणं माफ केलंय.
घेतलेलं मेलं म्हणून देणं मरतं का?

मग पाणी प्याली. तांब्या खाली ठेवला.
त्या दिवशी डब्यात बर्फ नव्हता, म्हणाली.
झाकण मीच धरलं होतं.
मला खुर्ची सापडेना.
मग बोलली का नाहीस?
मी बोलले असते तर योजना गेली असती.
तू बोललीस तर तू एकटीच जाशील.

रागानं नाही बोलली.
भाजीचा भाव सांगावा तसं.

रजिस्टर उघडलं.
सहाव्या रकान्यात सोळा ओळी,
वळणदार अक्षरात पंधरा वेळा मानमोडी,
एकदा मुंगूस.
पहिल्या मानमोडीवर रेघ मारली.
रकाना बोटभर. मीच आखलेला.
खरं कारण आडवं मावत नाही त्यात,
उभं लिहावं लागेल, समासातून,
दुसऱ्यांच्या नावांवरून.

फादरांना फोन लावला. वाजत राहिला.
डालग्यात पिल्लं एकमेकांवर चढत होती.
सुकरी म्हणाली, ते कर सावकाश.
आधी माझे दहा लिही,
आणि ह्यांना उन्हातून काढ.