नाझारेनो भिंत ओलांडतो

पॅलाटिन टेकडीवर राजांचं काही उरलं असेल
तर ती भोकं.
मऊ तुफा दगडात कोरलेली, वाकड्यातिकड्या गोलात.
एकेका भोकात एके काळी एक मेढ उभी होती,
मेढींवर वासे, वाशांवर बोरू,
कुडाला चिखल, चिखलात पेंढा.
मेढ कुजली. भोक तेवढं टिकलं.
मी गुडघे टेकून मापं घेते:
खोली एकेचाळीस, रुंदी तेवीस, तळाशी काळी माती.
कागदावर हळूहळू राजवाडा उमटतो,
गोठ्याएवढा.

नाझारेनोला हे पटत नाही.
एकोणतीस वर्षं तो इथली माती वाहतोय.
"राजा," तो म्हणतो, "आणि दार इतकं बुटकं?
मुकुट बाहेर काढून ठेवत असेल, वहाणांशेजारी."
तो साबिनाच्या डोंगरातला.
त्याच्या गावच्या पोरी पळवल्या होत्या म्हणे
ह्याच राजाच्या लोकांनी.
तो हिशेब अजून चुकता व्हायचाय,
असं तो दर पगाराला आठवणीनं सांगतो.

मग पायथ्याशी भिंत लागली.
तांबड्या मातीत ढेकळं आणि ठोकळे,
उंची जेमतेम गुडघ्याइतकी.
दोत्तोरेस्सा ब्रुनेल्ली शतकाचा आकडा उच्चारताना
आवाज खाली आणते,
कुणी झोपलं असावं शेजारच्या खोलीत, तसा.

कथा इथे पोरासोरांना पाठ.
एका भावाला सहा गिधाडं दिसली, दुसऱ्याला बारा.
बारावाल्यानं नांगर धरला, तास पाडलं, भिंत घातली.
सहावाला हसला
आणि टुणकन उडी मारून आत आला.
पुढचं सगळे जाणतात.
रक्त नेमकं कुठे सांडलं, ते मात्र
जो तो वेगळीकडे बोट करून दाखवतो.

आता गिधाडं नाहीत, समुद्रपक्षी आहेत,
हातातला पाव पळवणारे.
नाझारेनो मान वर करून मोजतो:
"अकरा. आज कुणीच राजा नाही."
आणि एकचाकी गाडी फळीवरून रेटत
ती भिंत ओलांडतो,
दिवसातून चाळीसदा, शीळ घालत.
"आमची लंगडी शेळी झोपेत जाईल हिच्यावरून.
एवढ्यासाठी सख्ख्या भावाला?"

गुरुवारी, जिथे वेस असावी तिथे,
उंबऱ्याच्या दगडाखाली
माझा कुंचला खापराला अडला.
आडवा निजवलेला रांजण.
आत मुठीएवढा पेला,
कांस्याची वाकलेली टाचणी,
आणि हाडं. आधी वाटलं, कबुतराची.

मुलगा की मुलगी, इतक्या लहानपणी हाडं सांगत नाहीत.
भिंतीला दिलं? भिंतीपाशी ठेवलं?
आपसूक गेलं?
दोत्तोरेस्सानं तीन प्रश्नचिन्हं काढली,
बराच वेळ पाहिलं, एक खोडलं.

सातही राजांची नावं आपल्याला ठाऊक.
कुणी देवभोळा, कुणी दलदल उपसून गटार बांधणारा,
कुणाच्या लेकीनं तर बापाच्या प्रेतावरून रथ हाकला,
तो रस्तासुद्धा लोकांनी नावानिशी लक्षात ठेवला.
ह्याचं बारसं तरी झालं होतं का?
पुढच्या रोमन लोकांत ते मुलाचं नवव्या दिवशी, मुलीचं आठव्या.
टाचणी आहे म्हणजे दुपटं होतं.
दुपटं होतं म्हणजे कुणीतरी ते
टोक आतल्या अंगाला लागू नये अशा बेतानं टाचलं होतं.

दुपारी नाझारेनोनं गाडी भरली.
फळी होती तिथेच होती.
तो तिच्यापाशी आला, थांबला,
गाडी मागे घेतली
आणि पाइनच्या झाडांमागून, मोडक्या पायऱ्यांच्या कडेनं
लांबची वाट धरली. रिकामी गाडीही
त्याच वाटेनं परत आणली.
खडखड तेवढी ऐकू येत होती, शीळ नव्हती.
मी काही विचारलं नाही.

संध्याकाळी नोंदवही मिटताना
दोत्तोरेस्सा म्हणाली,
"आज माती निम्मीच निघाली."
त्यानं टोपी झटकली, म्हणाला, "हो."