पुंजाराम मशीन सोपवतो

ओढणी आधी कमरेला खोच, हर्षाली.
हा पीटीओचा शाफ्ट. पाणी नसताना पाइप गुंडाळायचा
तर ट्रॅक्टरचं बळ याच्यातून येतं.
त्याला माणूस आणि कापूस सारखाच.
पिवळं कव्हर फुटलं होतं, पोळ्याला नवीन टाकलं.
गट म्हणाला, दोन हजार कशाला?
मी म्हणालो, माझा फक्त शर्ट गेला,
म्हणून तुम्ही विचारताय.

आता पाय खाली सोड, जमिनीत रुतू दे.
गोदाकाठची माती, वरून पापड आणि आतून दही.
मशीन दोनशे वीस मीटर पाइप स्वतःकडे ओढणार.
पाय धरला नाही
तर मशीनच पाइपाकडे चालत जाईल.
हसू नकोस. चाटोरीला गेलं होतं, बांधापर्यंत.

पाइप अंथरताना ट्रॅक्टर पहिल्या गिअरात,
बैल नदीत उतरवतात तसा.
रिळावर दोन-तीन वेढे राहू देत,
सगळंच्या सगळं कधी सोडू नये.
आणि भर दुपारी, उन्हात मऊ पडलेला असताना
जोर लावशील तर तो लांबतो, आणि लांबलेलाच राहतो.

हा लिव्हर.
पाइप ताणलेला असताना याला हात नाही.
नाही म्हणजे नाही, कोणी कितीही ओरडो.
आत काय दडलंय ते दिसत नाही, रीळ गप्प उभं असतं,
सोडलंस की उलटं भिरभिरतं.
माझ्या हनुवटीची खाच बघ.
दाढी केली की दिसते, म्हणून करत नाही.

रात्री दहाला लाईट आली.
निफाडचा पारा चारावर, गहू गुडघ्याला.
व्हॉल्व्ह तू हळूच फिरवलास,
आधी हवा गेली, फुसफुसत, लांबवर,
मग गन खोकली, थुंकली,
आणि टक् टक् टक् टक्
चांदण्यात पाण्याची कमान उभी राहिली.
काटा सहा किलोवर. तासाला तीस मीटर.
मी गोणपाटावर बसलो. वीस वर्षांत
या आवाजावर मी किती झोपलोय, सांगता येत नाही.

काका, वारा फिरला ना?

मी म्हणालो, फिरू दे, गव्हाला काय.
तू म्हणालीस, गव्हाला नाही.
आणि बोट वर केलंस.
बांधाच्या कडेने जाणारी अकरा हजाराची तार
मला दिसलीच नाही.
मोतीबिंदू म्हणाले होते डॉक्टर, नाशिकला,
मी म्हणालो, हंगाम झाल्यावर बघू.
कमानीचं टोक तारेच्या दिशेने सरकत होतं,
एकेक टक् टक् करत.

तू पळाली नाहीस. पळाली असतीस तर मी ओरडलो असतो.
गनकडे न जाता मशीनकडे गेलीस,
व्हॉल्व्ह उघडला तितक्याच सावकाश मिटलास.
पाणी पडलं. अंधार एकदम मोठा झाला.
कुठल्याशा उसातून कोल्हा बोलला, बहुतेक कोल्हाच.
काटा खाली बसेपर्यंत थांबलीस,
मग गनच्या दोन्ही कड्या सरकवून
फिरण्याचा घेर अर्ध्यावर आणलास,
तारेकडे पाठ करून.
अर्धा तास गेला. गटाला मी सांगेन,
माझ्यामुळे गेला.

पहाटे गन सरपटत आली, दांड्याला टेकली,
मशीन आपोआप थांबलं.
मी हात पुढे केला, कपलिंग सोडायला,
सवयीने.
तू म्हणालीस, काका, काटा.
शून्यावर नव्हता.
बंद झालं होतं. रिकामं झालं नव्हतं.

हे मी तुला शिकवलं होतं का?
शिकवलं असेल.
ग्रीसची डबी कुठे ठेवली तेही आठवत नाही आता.
साखळी आधी पुसून घे, ओल्यावर ग्रीस नको.
आणि चावी राहू दे तुझ्याकडेच.